पहिला ‘नको’

मानसोपचाराचा मला काही उपयोग होणार नाही, असं मला सांगण्यात आलं तेव्हा माझा मानसोपचार अजून सुरूही झाला नव्हता. सांगणारा माणूस होता शार्दूल घोरपडे, मिरजेच्या ‘मनोदय’ उपचार केंद्राचा समन्वयक. तिशीतला, दाढी कोरलेली, आणि बोलणं इतकं मऊ की ऐकता ऐकता माझ्या अंगाचा तिळपापड व्हायला लागला.

“काकू, वाईट वाटून घेऊ नका,” तो म्हणाला. “तुमच्या प्रतिमनानं सगळ्या फेऱ्या पूर्ण केल्या. एकाही फेरीत सुधारणा दिसली नाही.”

“अरे, पण मी आले कुठं अजून? आत्ता तर खुर्चीला टेकले.”

“तुम्ही नाही काकू. तुमचं प्रतिमन.”

हे प्रतिमन काय प्रकरण आहे ते आधी सांगते, म्हणजे माझं डोकं का फिरलं ते कळेल. काही वर्षांपूर्वी कुठल्याशा प्रयोगशाळेत कुणाच्या तरी लक्षात आलं की माणूस एखाद्या प्रश्नाला काय उत्तर देईल, हे त्याच्या आयुष्यात काय घडलं यापेक्षा त्याच्या बोलण्याच्या सवयींवर जास्त अवलंबून असतं. कुठं तो थांबतो, कुठल्या शब्दाच्या आड लपतो, नकोसा प्रश्न कसा टोलवतो. एखाद्याचं काही महिन्यांचं साधं घरगुती बोलणं गोळा केलं, तर त्यावरून हुबेहूब त्याच्यासारखं बोलणारी नक्कल तयार करता येते. नकलेला तुमची गुपितं माहीत नसतात, फक्त खोडी माहीत असतात. मग या नकलेला यंत्रातल्या उपचारकासमोर बसवायचं आणि अख्खा मानसोपचार एका दुपारीत शेकडो वेळा चालवून बघायचा, दर वेळी थोडा थोडा बदल करून. हवामानाचा अंदाज काढतात ना, साधारण त्याच रीतीनं. बहुतेक फेऱ्यांमध्ये नक्कल बरी झाली, तर खऱ्या माणसाला खरा डॉक्टर मिळतो. डॉक्टर कमी आहेत, रांग मोठी आहे, तेव्हा ज्याला उपयोग होईल त्यालाच जागा द्यावी, असा हिशोब. ऐकायला अगदी शहाणपणाचं वाटतं, आणि त्याचाच मला जास्त राग येतो.

माझं बोलणं त्यांना पुरवलं आमच्या स्वयंपाकघरातल्या ‘वाणी’नं. ओट्याच्या वर भिंतीत बसवलेली ती डबी दिवसभर ऐकत असते, कुकरच्या शिट्ट्या मोजते, ‘चहा ठेवू का’ म्हणून विचारते. तिचं रेकॉर्डिंग केंद्राला द्यायची परवानगी मीच दिली होती, कणकेचा हात तसाच पडद्यावर टेकवून.

आता मी इथं कशाला आले ते. आमचं मगदूम केटरिंग. मी आणि माझी थोरली जाऊ सरोजअक्का, आम्ही दोघींनी मिळून ते उभं केलं. आमचे नवरे गाड्या आणि भांडी बघायचे, पण खरं काम आमचं. मी आत, ती बाहेर. मी चुलीपाशी चव बघणार, ती पंगतीत फिरणार. बाकीच्या केटरर्सनी केव्हाच वाढायला ट्रॉल्या आणल्या. ट्रॉली पानासमोर थांबते, “जिलेबी?” असं गोड आवाजात विचारते, माणूस “नको” म्हणाला की पुढं जाते. लोक अर्धपोटी उठतात आणि घरी जाऊन यजमानांना नावं ठेवतात. आमच्याकडं अक्का स्वतः ताट घेऊन जायची. “एवढीशी घ्या की ओ. माझ्यासाठी घ्या.” लोक आमच्याकडं जेवणासाठी यायचे ते खरं, पण त्याहून जास्त या आग्रहासाठी यायचे.

गेल्या श्रावणात अक्का गेली. कावीळ म्हणता म्हणता यकृताचं भलतंच काही निघालं आणि बघता बघता सगळं संपलं. दिवाळीच्या सुमाराला माझ्या जिभेची चव गेली. मीठ, गूळ, चिंच, काहीही जिभेवर ठेवलं तरी सारखंच. घशाच्या डॉक्टरांना दाखवलं, पोटाच्या दाखवलं. शेवटी मेंदूच्या डॉक्टरांनी पडद्यावर रंगीत चित्रं काढून समजावलं की जिभेकडून निघालेला निरोप मेंदूपर्यंत नीट पोहोचतोय, पण आलेल्या निरोपाला ‘हे खारट, हे गोड’ असं म्हणणारा जो भाग आहे तो त्याची दखलच घेत नाहीये. मोठ्या धक्क्यानंतर होतं असं. औषध नाही. कुणा जाणत्या माणसाशी बोला, म्हणाले.

“कसला धक्का?” मी म्हणाले. “मला काही झालेलं नाही.”

पण चव नसलेल्या बाईनं केटरिंग कसं करायचं? एका साखरपुड्यात माझ्याकडून आमटीत दोनदा मीठ पडलं. पाहुण्यांनी वाट्या तशाच ठेवल्या आणि सांगलीपर्यंत बोभाटा झाला. माझे यजमान, अजित, तसे शांत माणूस. ते एवढंच म्हणाले की कोल्हापूरची एक कंपनी आपलं स्वयंपाकघर चालवायला घ्यायला तयार आहे, चव बघायचं यंत्र त्यांचं, ट्रॉल्या त्यांच्या, अक्षय्य तृतीयेच्या आत काय ते सांगावं लागेल. म्हणजे माझी जीभ तोवर परत आली नाही, तर दोघींनी उभं केलेलं ते घर मला परक्याच्या हाती द्यायचं होतं.

“मला ऐकव त्या फेऱ्या,” मी शार्दूलला म्हणाले.

त्यानं बटण दाबलं आणि खोलीत माझा आवाज आला. अगदी माझाच, मध्येच घसा खाकरायची सवयसुद्धा घेतलेली. समोरून यंत्रातला उपचारक अदबीनं विचारत होता.

“जेवणाची चव लागत नाही असं तुम्ही सांगितलंत. त्याबद्दल बोलूया का?”

“नको ओ, त्यात काय बोलायचंय.”

“ठीक आहे. तुमच्या निर्णयाचा मी आदर करतो. हा विषय आपण बंद करू. घरी कसं आहे?”

“बरं आहे की.”

“छान. जाऊबाईंच्या निधनानंतर तुम्हाला काही झालं का?”

“काही नाही.”

“छान. आणखी काही सांगायचंय?”

“नाही. बरं, येते मी.”

“आपण आधीच आलेल्या आहात.”

शार्दूलनं दुसरी फेरी लावली, तिसरी लावली. फक्त प्रश्नांचा क्रम बदलत होता. माझं प्रतिमन ‘नको’ म्हणत होतं, ‘काही नाही’ म्हणत होतं, आणि तो उपचारक दर वेळी ‘छान’ म्हणून एकेक दार लावून घेत होता.

“छान काय, छान?” मी उठूनच उभी राहिले. “अरे, जाऊ मेली हे ठाऊक असून हा छान म्हणतो? काही नाही म्हटलं की परत विचारायचं असतं! आपल्यात कोण पहिल्या झटक्यात सांगतं? तुझ्या आईला तू विचारलंस, आई काय झालं, तर ती काय म्हणते?”

“काही नाही म्हणते.”

“मग तू काय करतोस?”

“मी ठीक आहे म्हणतो,” शार्दूल म्हणाला. त्यात काही वावगं आहे असं त्याच्या चेहऱ्यावर कुठंही दिसत नव्हतं. “तिनं नाही म्हटल्यावर परत विचारणं म्हणजे दबाव ना, काकू.”

मी कपाळाला हात लावला.

तो काही मनाचं बोलत नव्हता. तसा कायदाच आहे. सुरुवातीला जी बोलकी यंत्रं आली ती फार चिवट होती. माणसानं नको म्हटलं तरी खोदून खोदून विचारायची, रडवायची, पुन्हा पुन्हा यायला लावायची. त्यात काही माणसं पार कोलमडली. मग नियम झाला, एकदाच विचारा. यंत्र असो, डॉक्टर असो, ट्रॉली असो, माणसाचा पहिला नकार तोच नकार. नियम वाईट आहे असं मी म्हणत नाही. बाहेर वावरणाऱ्या पोरींना तर त्यानं केवढा आधार दिलाय, आमच्या वेळी असता तर किती बरं झालं असतं. पण म्हणून माझ्या ‘काही नाही’ला कुणी ‘छान’ म्हणावं?

माझ्या आवाजानं शेजारच्या खोलीचं दार उघडलं आणि एक बाई बाहेर आल्या. सुती साडी, डोक्यावर चष्मा चढवलेला.

“मी डॉक्टर रुबीना मुजावर,” त्या म्हणाल्या. “तुमचा आवाज पार जिन्यापर्यंत जातोय काकू.”

“जाऊ दे की.”

“जाऊ दे,” त्या हसून म्हणाल्या. मग शार्दूलकडं वळल्या. “यंत्राचा अंदाज काही असला तरी एखाद्या पेशंटला मी माझ्या जबाबदारीवर घेऊ शकते ना? यांना घेते.”

“मॅडम, पण सुरुवातीच्या भेटीत विषय बंदच राहिले तर—”

“तर सोडावं लागेल. माहीत आहे मला.”

*

पहिल्या भेटीला गेले तेव्हा मला वाटलं होतं की आडवं झोपायला लावतील. तसलं काही नव्हतं. दोन साध्या खुर्च्या, मध्ये छोटं टेबल, खिडकीत मनीप्लांट. टेबलावर पांढरी, गोल, पेढ्याच्या डब्याएवढी एक वस्तू.

“ही साक्षी,” रुबीना मॅडम म्हणाल्या. “आपण काय बोलतो ते ही साठवत नाही. फक्त एवढंच बघते की मी तुमच्यावर जोर करत नाही ना. तुम्ही नको म्हणालात की हिचा दिवा पिवळा होतो आणि तो विषय माझ्यासाठी बंद, पुढच्या भेटीतसुद्धा.”

“आणि तुम्ही परत विचारलंत तर?”

“भेट तिथंच थांबते. आणि माझी चौकशी लागते.”

मग त्यांनी मला या सगळ्यात काय काय होतं ते सांगितलं. मी काही उपाय काढून हातात देणार नाही, म्हणाल्या, बहुतेक वेळ विचारणारच आहे. कधी गप्प बसेन, त्याचा तुम्हाला राग येईल. माझा राग आला तर मला सांगा, तेही कामाचंच असतं. एक-दोन भेटींत चमत्कार होणार नाही, उलट काही दिवस घरी गेल्यावर आधीपेक्षा वाईट वाटेल. इथलं बोलणं इथंच राहील. माझ्याशी जमत नाही असं वाटलं तर दुसऱ्या डॉक्टरांकडं जायला काही हरकत नाही.

“वाईट वाटायला एवढ्या लांब कशाला यायचं? ते घरबसल्या होतंय की,” मी म्हणाले.

“घरी काय होतंय?”

“काही नाही.”

टुंग असा आवाज झाला आणि साक्षीचा दिवा पिवळा झाला. आम्ही दोघींनी त्याच्याकडं पाहिलं.

“गेलं,” रुबीना मॅडम म्हणाल्या.

“अहो, मी सहज म्हणाले!”

“मला कळलं. तिला नाही कळलं.” त्यांनी बैठक बदलली. “कामाचं सांगा. स्वयंपाकघरात गेल्यावर कसं वाटतं?”

“तसं काही नाही, बरं वाटतं.”

टुंग.

आता मी सावध झाले. पुढच्या प्रश्नाला ‘काही नाही’ म्हणायचं नाही, असं मनात पक्कं केलं. रुबीना मॅडम अगदी हळू म्हणाल्या, “अक्का गेल्यावर तुम्हाला काय झालं?”

मला काय होणार? मनात पहिलं तेच आलं. मोठे दीर आहेत, त्यांचा मुलगा आहे, त्यांचं दुःख मोठं. मी कोण? तोंड उघडलं आणि सवयीनं निघून गेलं.

“काही नाही ओ.”

टुंग.

असा संताप आला मला! ती डबी उचलून खिडकीतून रस्त्यावर भिरकावून द्यावी. “अहो, हा काय पोरखेळ आहे? पहिला नको धरायचा नसतो, हे तुम्हाला ठाऊक आहे. तुम्ही मिरजेच्याच ना?”

“ब्राह्मणपुरीत वाढले. आमच्याकडं पण शिरखुर्म्याची वाटी दोनदा मागं सारल्याशिवाय कुणी तोंडाला लावत नाही.” त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. “पण मी विचारू शकत नाही, काकू. बंद झालेला विषय उघडायचा अधिकार फक्त तुम्हाला आहे. तुम्ही म्हणायचं, ‘परत विचारा’. एवढं म्हणालात की दिवा हिरवा होतो.”

“मी म्हणायचं?”

“तुम्हीच.”

“म्हणजे पानावर बसून यजमानांना सांगायचं, मला आग्रह करा? कधी ऐकलंय असलं? लाजच नाही का काही?” मी पर्स उचलली. “मागून घेतला तर तो आग्रह कसला?”

त्या गप्प बसल्या. राग येईल म्हणाल्या होत्या, तो आला. मी निघाले.

“पुढच्या वेळी पण हे असंच झालं तर मला तुमचं नाव काढावं लागेल,” त्या मागून म्हणाल्या. “मला ते करायचं नाहीये.”

घरी पोहोचले तर अजित सोफ्यावर बातम्या बघत होते.

“काय म्हणाल्या डॉक्टर?”

“काही नाही.”

“बरं,” ते म्हणाले आणि आवाज वाढवला.

मी स्वयंपाकघरात गेले. भिंतीतून वाणी म्हणाली, “चहा ठेवू का?” मी नको म्हणाले. ती लगेच गप्प झाली. लाटणं कुणाच्या दिशेनं फेकावं तेच कळेना.

*

त्या आठवड्यात जयसिंगपूरला एका साठीशांतीचं जेवण होतं. कंपनीच्या ट्रॉल्या अजितनी वापरून बघण्यासाठी मागवल्या होत्या. मी आत होते, हातात मीठ मोजायची कांडी. आमटीत बुडवली की ती आकडा दाखवते. आकडा बरोबर होता, पण आमटी कशी झालीय हे जगातल्या कुठल्याही आकड्यावरून मला कळलं नसतं.

दारातून पंगत दिसत होती. ट्रॉल्या ओळीनं चालल्या होत्या. “जिलेबी?” “नको.” पुढं. “जिलेबी?” “नको नको.” पुढं. शेवटच्या पानावर चौगुले सर बसले होते. निवृत्त हेडमास्तर, आमच्या कितीतरी पंगतींना जेवलेले. त्यांच्यासमोर ट्रॉली थांबली, त्यांनी नको म्हटलं, ती निघून गेली. आणि सर मान वळवून त्या ट्रॉलीच्या मागं बघत राहिले.

ते बघणं मला सहन होईना. माणसाच्या मनात असतं आणि नियमामुळं उपाशी उठतो! मी कधी पंगतीत गेले नव्हते, ते खातं अक्काचं. पण त्या दिवशी कांडी ठेवली, ताट उचललं आणि सरळ सरांच्या पुढ्यात जाऊन उभी राहिले.

“घ्या की सर, एवढीशी.”

“नको.”

“एक घ्या.”

“नको बाई.”

“माझ्यासाठी घ्या,” म्हणत मी अक्का करायची तसंच केलं. त्यांनी पानावर हात आडवा धरला होता, त्याच्या बाजूनं दोन जिलेब्या अलगद सोडल्या.

सर ताडकन ओरडले. “नको म्हणतोय ते कळत नाही का तुम्हाला? डायबेटीस आहे मला! एक डोळा त्यापायी गेलाय!”

सगळी पंगत आमच्याकडं बघायला लागली. मी त्या जिलेब्या पानावरून उचलायला वाकले तर पाक सगळ्या वरणात उतरला. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“पण तुम्ही ट्रॉलीकडं बघत होतात,” मी कसंबसं म्हणाले.

“कोण वाढतंय ते बघत होतो. अक्का दिसेनात म्हणून.” त्यांचा आवाज आता खाली आला होता. “त्या मला कधी जिलेबी वाढायच्या नाहीत. माझ्या पहिल्याच नकोला पुढं जायच्या. आणि हा शेजारी बसलाय ना, तीनदा नको म्हणाला तरी याला वाढायच्या, कारण याचं नको खोटं असायचं. त्यांना बरोबर कळायचं कुणाचं नको कसलं ते. आहेत कुठं त्या?”

“अक्का गेल्या, सर. श्रावणात.”

“अरेरे!” त्यांनी हातातला घास पानात ठेवला. “वाईट झालं. त्यांच्या यजमानांना माझा नमस्कार सांगा. मुलगा कसा आहे? सावरला का?”

“सावरलाय,” मी म्हणाले.

मी ताट घेऊन आत आले आणि साखरेच्या पोत्यावर बसले. बाहेर ट्रॉल्या विचारत फिरत होत्या. मला अक्काची फार आठवण आली. माझ्याही नकोची तिला पारख होती. मी काही नाही म्हटलं की कधी ती निमूट निघून जायची, कारण खरंच काही नसायचं आणि मला एकटं बसायचं असायचं. आणि कधी स्वयंपाकघराचं दार लोटून घ्यायची, माझ्या हातातलं लाटणं काढून घ्यायची आणि म्हणायची, “आता बोल.” आग्रह म्हणजे परत परत विचारणं, असं मी आजवर समजत होते. आज एका म्हाताऱ्या माणसाला सगळ्यांदेखत ताप देऊन बसले. रुबीना मॅडमनी तरी माझं कुठलं ‘काही नाही’ खरं आणि कुठलं खोटं हे कशावरून ओळखायचं? त्यांची माझी ओळख दोन खुर्च्यांची. त्यांनी जोर केला असता आणि मला खरंच नको असतं, तर मीही सरांसारखीच ओरडले असते.

ओळखणारं एकच माणूस होतं. आता ते काम माझ्यावर येऊन पडलं होतं, आणि त्याचाही मला राग आला. अक्काचा राग आला. सगळं माझ्या गळ्यात टाकून गेली म्हणून.

अजित आत आले. “काय झालं गं बाहेर?”

तोंडाशी आलेलं ‘काही नाही’ मी गिळलं. ते जरा वेळ उभे राहिले आणि भांडी मोजायला गेले.

*

पुढच्या भेटीला मी गेले ते फुरंगटूनच. शार्दूलनं मऊ आवाजात नमस्कार केला, मी मान हलवली. खोलीत सगळं होतं तसंच होतं. साक्षीचा दिवा मात्र पिवळा, गेल्या खेपेचे विषय बंद आहेत म्हणून.

“या काकू,” रुबीना मॅडम म्हणाल्या. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला, आणि बसून राहिल्या.

मीही बसून राहिले. रस्त्यावरून भंगारवाल्याचा पुकारा आला आणि गेला. त्या काही विचारेनात. विचारणार नव्हत्याच. मला ते कळत होतं, तरी मी वाट बघत होते, त्या डबीला न जुमानता एकदा तरी विचारतील म्हणून. मला स्वतःचीच चीड आली. एवढं शब्दशः सांगितलंय बाईनं, दोनच शब्द म्हणायचेत, आणि तेवढेही म्हणवत नाहीत हिला. उठून गेले तर सगळं सोपं होतं. कंपनीला होकार द्यायचा, ट्रॉल्या येतील, मी घरी बसेन, आणि कुणी विचारलं तर बरं आहे म्हणेन. मरेपर्यंत म्हणेन. आणि सगळे छान म्हणतील.

“हे फार चुकीचं आहे,” मी म्हणाले. “माणसाला असं मागायला लावणं.”

“हो,” रुबीना मॅडम म्हणाल्या. “अवघड आहे.”

“मला लाज वाटतेय.”

“वाटू दे.”

मी पदराचं टोक हातात घेतलं, सोडलं, परत घेतलं.

“परत विचारा,” मी म्हणाले. आवाज इतका बारीक निघाला की साक्षीला ऐकू गेला की नाही कोण जाणे. दिवा पिवळाच राहिला. म्हणजे आता ओरडायचं का? माझा पारा चढला आणि मी त्या डबीवरच वाकून खेकसले, “परत विचारा म्हणतेय मी! कानात काय बोळे घातलेत काय?”

दिवा हिरवा झाला. रुबीना मॅडमना हसू आलं, ते त्यांनी आवरलं. मग माझ्याकडं नीट बघून त्यांनी विचारलं.

“अक्का गेल्यावर तुम्हाला काय झालं, ज्योत्स्नाकाकू?”

मला काही नाही म्हणायचं होतं. जीभ अगदी तिथपर्यंत गेली.

“कुणी विचारलंच नाही,” मी म्हणाले. “सगळे दादांना भेटायला यायचे, म्हणजे माझ्या मोठ्या दिरांना. त्यांच्या मुलाच्या पाठीवरून हात फिरवायचे. बरोबरच आहे, त्यांची बायको, त्याची आई. माझी कोण? जाऊ. दिराची बायको. जावेसाठी कुणी रडतं का? लोक आले की मी आत जायचे आणि चहा टाकायचे. अख्खं सुतक मी चहा टाकत होते ओ. रोज सकाळपासून तिच्याशी बोलायची सवय, आणि ती बाहेरच्या खोलीत फोटोत, आणि मी आत आधण बघतेय.”

माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं होतं. मला ते पुसायचंही सुचलं नाही. रुबीना मॅडम काही म्हणाल्या नाहीत, आणि या वेळी त्याचा मला राग आला नाही.

“माझं माणूस गेलं होतं, मॅडम,” मी म्हणाले. “माझं माणूस गेलं होतं, आणि मी ट्रे घेऊन सगळ्यांना विचारत होते, साखर किती?”